निकोडेमसची चर्चे आणि आमची विहारे

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा विषय निघाला की आपल्या चळवळीला काही ठराविक गोष्टी आठवतात. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तिथल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र पाठवून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच तिकडून घेतले. एवढे आपल्याला पाठ आहे. आपल्या भाषणांतून, जयंतीच्या व्याख्यानांतून ते येत असते आणि यायलाही हवे.

पण यात एक गोष्ट सुटते. आपल्याला माहीत असलेला काळा माणूस शहरातला आहे. तो मोर्चात आहे, बसमध्ये आहे, न्यायालयात आहे. गुलामगिरी संपल्यावर जो माणूस कुदळ-फावडे घेऊन माळरानावर गेला, ज्याने स्वतःचे गाव वसवले, त्या गावात आपल्या हाताने चर्च आणि शाळा उभी केली, त्याची गोष्ट आपल्या व्यासपीठावर सहसा येत नाही. खेड्यापाड्यांत, गायरानाच्या कडेला, गावकुसाबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांना मात्र तीच गोष्ट सर्वांत जवळची आहे. म्हणून आज निकोडेमसविषयी लिहायचे आहे.

निकोडेमस हे अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातले, ग्रॅहम परगण्यातले एक खेडे. सॉलोमन नदीच्या काठावर, जवळजवळ झाड नसलेल्या गवताळ माळावर ते 1877 साली वसले. हे साल लक्षात ठेवावे असे आहे. यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेतल्या काळ्यांना मताचा हक्क मिळाला होता, काही जण निवडूनही आले होते. 1877 साली दिल्लीश्वरांसारखेच तिथल्या सत्ताधाऱ्यांनी आपसांत तडजोड केली, दक्षिणेतले संघराज्याचे उरलेले सैन्य काढून घेतले आणि काळ्या माणसाला पुन्हा त्याच्या जुन्या मालकांच्या हवाली केले. कागदावर स्वातंत्र्य होते, पण जमीन मालकाची, शेत मालकाचे, कर्ज मालकाचे आणि पंचही मालकाचेच. 1865 च्या जानेवारीत जनरल शेर्मन यांनी दक्षिणेतल्या किनारपट्टीवर काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत केली. जमीन हातातून गेली तेव्हाच पुढचे सगळे ठरून गेले होते.

अशा वेळी केंटकी राज्यातल्या काळ्या वस्त्यांत एक बातमी पोचली. कॅन्ससमध्ये काळ्यांचे स्वतंत्र गाव वसते आहे! डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यापारी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक यांनी निकोडेमस टाऊन कंपनी काढली होती. स्मिथ अध्यक्ष आणि हिल खजिनदार. तिजोरीची किल्ली कोणाकडे होती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. 1862 च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसली तर 160 एकरांची मालकी मिळत असे. ‘आपल्या नावावर जमीन’ या तीन शब्दांसाठी माणसे निघाली.

1877 च्या सप्टेंबरात सुमारे तीनशे लोकांचा मोठा जथा आला. रेल्वे एलिस या गावापर्यंतच होती. तिथून पुढचे पस्तीस मैल माळ तुडवत जायचे. त्यानंतर 1878 च्या वसंतात रेव्हरंड डॅनियल हिकमन यांच्याबरोबर दुसरी तुकडी आली. त्यांची पत्नी विलियाना हिकमन यांनी म्हातारपणी सांगितलेली आठवण तिथे आजही सांगितली जाते. ‘आले निकोडेमस!’ असा पुरुषांचा आवाज आला म्हणून त्या उत्साहाने पाहू लागल्या, तर गाव कुठे दिसेना. नवऱ्याने बोट दाखवले तिकडे जमिनीतून नुसता धूर वर येत होता. माणसे जमिनीत खड्डे खणून त्यात राहत होती. ते पाहून त्या माऊलीला रडू कोसळले.

जमिनीतून निघणारा धूर! आपल्या आज्या-पणज्यांनी पालात, खोपटात, कुडाच्या भिंतीत संसार केले आहेत. त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागले नसते.

हिलने रंगवलेले चित्र आणि समोरचा माळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. लोक इतके भडकले की हिलला लपून बसावे लागले, असे सांगतात. काही कुटुंबे आल्यापावली परतली. राहिली त्यांच्याकडे नांगर नव्हते, घोडे मोजकेच होते, जळणाला लाकूड नव्हते. गवे मारून गेलेल्या शिकाऱ्यांनी माळावर टाकलेली हाडे गोळा करून त्यांनी विकली. पुरुष मंडळी दूरवर रेल्वेच्या कामावर, गोऱ्यांच्या शेतावर मजुरीला गेली. बायकांनी कुदळीने जमीन फोडली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्या वाटचे मांस दिले म्हणून माणसे जगली, असे तिथले वंशज सांगतात.

इथे आपण एक क्षण थांबले पाहिजे. जी जमीन होमस्टेड कायद्याने वाटली जात होती, ती सरकारने मुळात आदिवासींकडूनच हिसकावलेली होती. म्हणजे ज्याची जमीन गेली त्यानेच भूमिहीनाला घास दिला आणि दोघांवरही अन्याय करणारा तिसराच होता. शोषितांनी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्याकडे आदिवासी, भटके-विमुक्त आणि बौद्ध यांच्या संबंधांत रोज उभा राहतो. त्याचे उत्तर त्या ओसेज शिकाऱ्यांनी दिलेले आहे.

आता चर्चविषयी.

धर्माचा विषय आला की आपल्यापैकी काही जण नाक मुरडतात. ‘काळ्यांना चर्चने काय दिले? मालकाचाच देव त्यांच्या गळ्यात बांधला!’ असा सवाल येतो. सवाल खोटा नाही. पण अर्धा आहे. मालकाने दाखवलेले चर्च वेगळे आणि काळ्या माणसाने स्वतः उभे केलेले चर्च वेगळे. फिलाडेल्फिया शहरातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये रिचर्ड ॲलन आणि ॲबसलम जोन्स हे काळे उपासक जात असत. त्या चर्चच्या बांधकामाला काळ्यांनी पैसेही दिले होते. तरी 1787 च्या सुमारास एके दिवशी प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकलेल्या जोन्स यांना दंडाला धरून उठवण्यात आले. का, तर बसण्याची जागा गोऱ्यांची! काळी मंडळी एकजुटीने उठली आणि बाहेर पडली. पुन्हा त्या दारात गेली नाहीत. ॲलन यांनी 1794 साली स्वतःचे प्रार्थनागृह उघडले आणि 1816 साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा काळ्यांचा स्वतंत्र पंथच स्थापन केला.

वाचकांना काळाराम मंदिर आठवले असेल. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला तो सत्याग्रह पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याची घोषणा झाली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षाभूमी घडली. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की ॲलन यांनी चर्च बदलले आणि बाबासाहेबांनी धर्मच बदलला. पण अपमानाच्या दारातून बाहेर पडून स्वतःची वास्तू उभारायची, ही वाट दोघांची एकच आहे.

निकोडेमसला जे लोक आले ते ही वाट सोबत घेऊन आले होते. सायलस ली यांच्या बाप्टिस्ट मंडळीची पहिली सभा जमिनीत खणलेल्या खोलीतच भरली. पुढे तिथेच एका खोलीची दगडी इमारत झाली आणि 1907 साली चुनखडीच्या दगडाचे चर्च उभे राहिले. हिकमन यांच्या मंडळीने आपले वेगळे बाप्टिस्ट चर्च काढले. आफ्रिकन मेथडिस्टांनी आपली मंडळी जमवली. 1885 साली एका बाप्टिस्ट मंडळीने बांधलेली दगडी इमारत त्यांनी 1897 साली घेतली. ती आजही उभी आहे.

या चर्चमधून काय चालत होते? रविवारची प्रार्थना तर होतीच. पण निकोडेमसला सुरुवातीला ना सरकारी कचेरी होती, ना पंचायत. अशा गावात माणसे एकत्र बसण्याची जागा म्हणजे चर्च. कोणाच्या घरी आजार, कोणाचे बी संपले, कोणाचा जमिनीचा दावा अडला, हे सगळे तिथे कळणार. शाळेचेही तसेच. स्मिथ यांची मुलगी जेनी स्मिथ फ्लेचर ही गावातली पहिली शिक्षिका. आफ्रिकन मेथडिस्ट चर्चच्या संस्थापक सभासदांत तीच बाई. म्हणजे शाळा आणि चर्च यांची माणसे वेगळी नव्हती. ज्यांच्या आई-बापांना दक्षिणेत अक्षर शिकणे हाच गुन्हा होता, त्यांची मुले जमिनीखालच्या खोलीत बसून पाटीवर अक्षरे गिरवत होती.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी. पहिल्या दोन वर्षांत बाहेरून कपडे, धान्य, पैसा यांची मदत मागावी लागली. त्यावरून गावात वाद झाला. कारण मदत मागणारे आले की त्यांच्यामागून मदतीचा हिशेब ठेवणारे येतात, आणि हिशेब ठेवणारा हळूहळू पुढारी होतो. 1879 साली गावकऱ्यांनी टाऊन कंपनी मोडीत काढली आणि बाहेर हात पसरणे बंद करण्याचे ठरवले. पोटात भूक असताना घेतलेला तो निर्णय आहे. ‘अत्त दीप भव’ हे त्यांनी वाचलेले नव्हते, पण ते वागले तसेच.

मग गाव उभे राहिले. दुकाने आली, हॉटेल आले. 1886 साली ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि 1887 साली ‘निकोडेमस एंटरप्राइज’ अशी दोन वृत्तपत्रे त्या खेड्यातून निघाली. वृत्तपत्र नसलेल्या चळवळीची अवस्था पंख तुटलेल्या पक्ष्यासारखी होते, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. त्या लोकांना ते अनुभवाने कळले होते. एडवर्ड मॅकेब हे 1878 साली निकोडेमसला आलेले तरुण काळे गृहस्थ 1882 साली कॅन्सस राज्याचे हिशेब तपासनीस म्हणून निवडून आले आणि 1884 साली पुन्हा निवडून आले. त्या राज्यात राज्यपातळीवरच्या पदावर निवडून आलेले ते पहिले काळे. धूर निघणाऱ्या खड्ड्यापासून राज्याच्या तिजोरीच्या तपासनीसापर्यंत फक्त पाच वर्षे लागली.

इथपर्यंत गोष्ट सांगून थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण पुढची गोष्ट सांगितली नाही तर ती आपली फसवणूक होईल.

कोणत्याही गावाचे नशीब तेव्हा रेल्वे ठरवत असे. निकोडेमसकडे रेल्वे यावी म्हणून 1887 साली तिथल्या मतदारांनी सोळा हजार डॉलरचे रोखे उभारायला मंजुरी दिली. ज्यांच्या घरात पुरेसे भांडे नव्हते त्यांनी एवढी मोठी तयारी दाखवली. रेल्वे कंपन्यांनी पाहणी केली, आशा दाखवली आणि 1888 साली मार्ग दुसरीकडून नेला. नदीच्या पलीकडे काही मैलांवर रेल्वेचा तळ पडला, तिथे बोग नावाचे गाव झाले. निकोडेमसचे व्यापारी आपली दुकाने तिकडे घेऊन गेले. आणि तो हिल? त्याने वसवलेल्या, त्याच्याच नावाच्या हिल सिटीला रेल्वेही मिळाली आणि 1888 साली परगण्याचे मुख्यालयही मिळाले.

यानंतर निकोडेमस लगेच संपले नाही. शेती चालू राहिली, शाळा चालू राहिली. पण 1930 च्या दशकातली मंदी आणि धुळीची वादळे यांनी उरलेसुरले कंबरडे मोडले. 1953 साली टपाल कार्यालय बंद झाले. 2020 च्या जनगणनेत तिथे वीस माणसेही भरली नाहीत. सबंध अमेरिकेत हेच घडले. 1920 साली तिथे नऊ लाखांहून अधिक काळे शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्या आत आहेत. सरकारच्या कृषी खात्याने कर्ज देताना काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केला म्हणून त्यांना न्यायालयात जावे लागले आणि 1999 साली सरकारला भरपाईची तडजोड करावी लागली. तोवर बहुतेकांची जमीन गेलेली होती.

यातून आपण काय घ्यायचे?

1942 च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, त्याच वेळी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात बाबासाहेबांनी त्यासाठी घटनेतच तरतूद मागितली. पण त्यांनी नुसते ‘वेगळे राहू द्या’ असे म्हटले नाही. त्यांनी वसाहत आयोग मागितला, सरकारी पडीक जमीन मागितली, त्यासाठी सरकारी पैसा मागितला. त्याच मसुद्यात शेतजमीन राष्ट्राच्या मालकीची करून सामुदायिक शेतीचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी वेगळ्या वस्तीबरोबर सत्तेतला वाटा का मागितला, याचे उत्तर निकोडेमसच्या इतिहासात आहे. निकोडेमसकडे वस्ती होती, मेहनत होती, चर्च होते, शाळा होती, वृत्तपत्र होते. रेल्वेचा रूळ कुठून न्यायचा हे ठरवणाऱ्या खोलीत मात्र त्यांचे कोणी नव्हते. मॅकेब हिशेब तपासत होते. निर्णय दुसरे घेत होते.

आज आपल्याकडे वेगळे काय चालले आहे? 2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण नाव बदलले म्हणून रस्ता आला का? पाण्याची टाकी कुठे बांधायची, बसथांबा कुठे द्यायचा, डांबर कुठे संपवायचे हे ठरवणारे तेच आहेत. डांबर आपल्या वस्तीच्या तोंडाशी येऊन संपते. हीच आपली रेल्वे आणि हेच आपले बोग.

दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखोंनी तुरुंग भरले. त्या रेट्यातून आणि त्यानंतरच्या लढ्यांतून 1991 साली गायरान जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. त्यानुसार किती सातबारे खरोखर नावावर झाले, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारावे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्यास सांगितले. पण भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासन आदेशाने दिलेले पट्टे, तसेच शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक वास्तू यांचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटीस हातात पडल्यावर हा अपवाद किती जणांनी दाखवला?

मागे एका गावात विहाराच्या उद्घाटनाला गेलो होतो. सुंदर वास्तू, संगमरवरी फरशी, बुद्धरूप थायलंडचे. सहज विचारले, जागा कोणाच्या नावावर आहे? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सातबारावर नोंद नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंद नाही, ट्रस्ट नाही. तिथेच दोन गटांत वर्गणीवरून अबोला. संध्याकाळी कुलूप लागले ते बहुधा पुढच्या पौर्णिमेलाच उघडणार होते. त्या वस्तीतली पोरे मात्र अभ्यासाला जागा नाही म्हणून पुलाच्या कठड्यावर बसलेली होती.

निकोडेमसमध्ये गट नव्हते असे नाही. एवढ्याशा गावात तीन-तीन मंडळ्या होत्या. पण 1 ऑगस्टचा मुक्तिदिन (1834 साली ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपली तो दिवस) सगळे मिळून साजरा करत. ती प्रथा 1878 पासून आहे. आजही जुलैच्या अखेरीस देशभर पांगलेले वंशज त्या माळावर परत येतात. गाव रिकामे झाले तरी ती माणसे एक राहिली. 1976 साली त्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, 1996 साली ते राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आले. पाच वास्तू जपल्या आहेत, त्यांत दोन चर्च, एक शाळा आणि एक सभागृह आहे. हे आपोआप घडले नाही. वंशजांनी कागद, छायाचित्रे आणि आठवणी जपल्या म्हणून घडले.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक वस्तीने या पावसाळ्यापूर्वी तीन कामे करावीत. विहाराच्या आणि घरांच्या जागेचे कागद काढून नोंदी नावावर करून घ्याव्यात. विहाराचे कुलूप काढून तिथे रोज संध्याकाळी दोन तास मुलांचा अभ्यास चालवावा. आणि वस्ती कधी वसली, पहिले घर कोणाचे, पहिली शिकलेली मुलगी कोण, दीक्षेला नागपूरला कोण गेले, हे ज्यांना आठवते ते म्हातारे जिवंत आहेत तोवर वहीत उतरवून घ्यावे. चौथे काम याहून अवघड आहे. रस्ता आणि पाणी कुठून न्यायचे हे ठरते त्या ग्रामसभेच्या बैठकीत, गट विसरून, एकाच बाकावर बसावे. तिथे आपण बसलो नाही तर डांबर वस्तीच्या तोंडाशीच संपत राहील.

जयभीम!